साइन ९० म्हणजे ०.८९?

मॅक्सिमा नावाच्या गणिती आज्ञावलीला साइन ९० ची दशांशातील किंमत विचारून पाहा. पडद्यावर उत्तर उमटते : ०.८९३९९६... फळ्यावर तर आपण वर्षानुवर्षे १ लिहीत आलो आहोत. समोर मुले बसलेली आहेत. आता काय म्हणायचे? संगणक चुकला, की संगणक म्हणतो तेच खरे?

दोन्ही चूक. मॅक्सिमा कोन अंशांत नाही, रेडियनमध्ये मोजते, आणि ९० रेडियनचा साइन खरोखरच ०.८९ आहे. लॉग १०० चेही तसेच. आपल्याला २ हवे असतात, मिळतात ४.६०५, कारण तिथला लॉग १० या पायाचा नसून ई या पायाचा आहे. म्हणजे यंत्राने उत्तर बरोबरच दिले. पण ते आपल्या मनातल्या प्रश्नाचे नव्हते, आपण टंकलेल्या प्रश्नाचे होते. अडचण आली की पहिली शंका इथे घ्यावी.

तरीही उलगडा झाला नाही तर विचारायचे कोणाला? विकत घेतलेल्या वस्तूसाठी दुकानदाराला धरता येते. मॅक्सिमाला दुकानदार नाही. १९६८ साली अमेरिकेतील एमआयटीत सुरू झालेल्या मॅकसिमा या आज्ञावलीची ही वंशज. मूळ नाव मॅक्सिमा नव्हे, 'मॅकसिमा'. तिची एक आवृत्ती टेक्सास विद्यापीठातील विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून सांभाळली. १९९८ मध्ये त्यांनी ती मुक्त परवान्याखाली खुली करण्याची संमती मिळवली. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले, पण आज्ञावली थांबली नाही. तिचा आतला मजकूर सर्वांना खुला असल्याने इतरांनी ती पुढे चालवली. ही मंडळी मुख्यतः स्वयंसेवक आहेत. परवान्यातच लिहिलेले असते की कोणतीही हमी नाही. म्हणून इथे मदत मिळते ती गिऱ्हाईक म्हणून नव्हे, शेजारी म्हणून.

शेजाऱ्याचे दार ठोठावण्याआधी आपण घरात शोधतो, तसे आधी आज्ञावलीलाच विचारावे. मॅक्सिमात प्रश्नचिन्ह, मग एक मोकळी जागा आणि पुढे आज्ञेचे नाव टंकले की माहिती समोर येते. लॉगचा पाया ई आहे आणि १० च्या पायाचा लॉग तयार दिलेला नाही, हे तिथे स्पष्ट लिहिले आहे. मग लॉग १०० ला लॉग १० ने भागून २ मिळवता येतात. नाव नक्की आठवत नसेल तर दोन प्रश्नचिन्हे द्यावीत. मिळत्याजुळत्या नावांची यादी येते. सेज या दुसऱ्या मुक्त प्रणालीत नावापुढे दोन प्रश्नचिन्हे लावली तर बहुतेक आज्ञांचा मूळ मजकूरच वाचायला मिळतो. यंत्राच्या पोटात डोकावण्याची ही मुभा हेच मुक्त आज्ञावलीचे वैशिष्ट्य. मराठीतून सुरुवात करायची असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात जिओजेब्रा आणि सायलॅब यांवरचे पाठ मराठी आवाजातही आहेत.

एवढ्यानेही भागले नाही तर जाणकाराला विचारावे. पण 'उत्तर येत नाही' एवढ्यावर कोणालाच काही सांगता येणार नाही. समजा, चाळीस ओळींचे काम मध्येच अडले. ओळी एकेक करून काढत जा आणि अडचण शिल्लक ठेवणारे सर्वांत लहान उदाहरण शोधा. ते आज्ञावली नव्याने सुरू करून चालवा. सकाळी क्ष ला ३ ही किंमत दिली आणि आपण ते विसरलो, तर दुपारी क्ष च्या वर्गाचे विकलन मागताच आज्ञावली अडते. ३ या संख्येच्या संदर्भात विकलन कसे करणार? नव्या सुरुवातीत ही अडचण आपोआप नाहीशी होते आणि कारणही कळते. पुष्कळदा प्रश्न लहान करतानाच सुटतो.

न सुटल्यास चार गोष्टी लिहाव्यात : आज्ञावलीची आवृत्ती व संगणकाची प्रणाली, आपण टंकलेली ओळ जशीच्या तशी, आलेला संदेश जसाच्या तसा, आणि आपल्याला कोणते उत्तर अपेक्षित होते व का. यातली शेवटची गोष्ट बहुतेक जण गाळतात, पण मनातला 'अंश' आणि यंत्रातला 'रेडियन' यांतली तफावत तिथेच उघडी पडते.

जाणकाराने उलट प्रश्न केला तर राग मानू नये. क्ष च्या न व्या घाताचे संकलन मागितले, तर मॅक्सिमा स्वतःच विचारते : न ची किंमत उणे १ आहे का? कारण तसे असेल तर उत्तर लॉगमध्ये येते, एरवी नाही. उलट प्रश्न हा मदतीचाच भाग आहे.

उत्तर मिळाल्यावर 'गरज सरो, वैद्य मरो' असे मात्र करू नये. कोणता उपाय लागू पडला ते कळवावे, म्हणजे पुढच्याला तो उपयोगी पडतो. खरोखर दोष सापडला असेल, तर त्या लहान उदाहरणासह नोंदवावा. तीही आपली मदतच.

वर्गात 'सर, गणित येत नाही' म्हणणाऱ्या मुलाला आपण काय विचारतो? कुठपर्यंत आले, काय लिहिलेस, काय यायला हवे होते? तेच प्रश्न इथे आपण स्वतःला विचारायचे आहेत. आणि साइन ९० चे कोडे मुलांसमोर मोकळेपणाने सोडवले, तर अडल्यावर कसे विचारावे हेही त्यांना त्याच तासाला शिकायला मिळेल.