चौकोनाचे कोपरे कोठे गेले?

धुळ्याच्या काही विद्यार्थ्यांनी आम्हाला एकदा एक चौकोन दाखवला. भंगारातला कृष्णधवल टीव्ही, ओळखीच्या कारागिराने मोकळ्या करून दिलेल्या त्याच्या नळीच्या मानेवरील कॉइल, आणि त्यांना जोडलेला गाणी ऐकण्याचा स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर. एक चॅनल आडव्या हालचालीसाठी, दुसरा उभ्या. चौकोन उमटला खरा. पण वेगाने काढला की कोपरे गोल होत आणि सावकाश काढला की बाजू मध्याकडे कलत. गाणे स्वच्छ वाजवणाऱ्या यंत्राला साधा चौकोन का जमू नये?

टीव्हीत इलेक्ट्रॉनांची शलाका ठरलेल्या ओळींतूनच धावते. सदिश पडद्यावर मात्र ती पेन्सिलीसारखी हवी तिकडे न्यायची असते. १९७९ सालच्या ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ या खेळातली चित्रे अशीच रेषारेषांनी काढलेली होती.

शलाका किती वळणार हे कॉइलमधील विद्युतधारेवर ठरते. आणि कॉइलला धारेतला बदल आवडत नाही. पाचकंदीलच्या गर्दीत भरलेली हातगाडी ढकलून पाहा. चालू ठेवायला थोडा जोर पुरतो, एकदम वळवायला मात्र घाम फुटतो.

आकडे घेऊन पाहू. समजा, कॉइलचे प्रवर्तन १ मिलीहेन्री, रोध १ ओहम, आणि पडद्याच्या कडेला पोचण्यासाठी २ अँपिअर धारा लागते. कडेला नुसते थांबायचे तर २ व्होल्ट पुरतात. पण मध्यापासून तेथे २० मायक्रोसेकंदांत पोचायचे तर ०.००१ × २ ÷ ०.००००२, म्हणजे १०० व्होल्ट हवेत! तेवढे मिळाले नाहीत की धारा मागे रेंगाळते. आडवी रेष पुरी होण्याआधीच उभी सुरू होते आणि कोपरा गोल होतो.

बाजू कलण्याचे कारण वेगळे. गाण्याचे बहुतेक अ‍ॅम्प्लिफायर स्थिर दाब पुढे जाऊ देत नाहीत. शलाका एका जागी धरून ठेवणे त्यांच्या कामात बसतच नाही.

उपाय असा, की कॉइलच्या वाटेत अर्ध्या ओहमचा रोध घालायचा, त्याच्यावरील दाबावरून धारा मोजायची आणि ती हव्या त्या धारेशी ताडून पाहायची. फरक दिसला की अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोर लावतो, फरक मिटला की सैल सोडतो.

पण याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. १०० व्होल्टांचा पुरवठा आणि कडेला उभी शलाका, म्हणजे जवळजवळ २०० वॅट ट्रान्झिस्टरमध्येच जिरतात. काहीच न हलता! कॉइलचे वेढे निम्मे केले तर प्रवर्तन चौथाई होते, व्होल्ट निम्मे लागतात. पण धारा दुप्पट लागते. गुणाकार तोच. टीव्हीत शलाकेचा मार्ग ठरलेला असल्याने कॉइलमधली ऊर्जा दर ओळीगणिक बरीचशी परत मिळवता येते. येथे ती सोय नाही.

वर्गात हा प्रयोग नळीशिवाय करावा. नळीवर दहा हजार व्होल्टांहूनही अधिक दाब असू शकतो आणि संच बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो. सुटी कॉइल, रोध व ऑसिलोस्कोप एवढ्यावर धारेचे रेंगाळणे स्वच्छ दिसते.

धुळ्याच्या मुलांनी नवा अ‍ॅम्प्लिफायर बांधला. कोपरे आले, ट्रान्झिस्टरवर मात्र पंखा लावावा लागला.