वेळेनुसार वीजदर आणि घरगुती बचत : कोल्हापूर शहराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
विजेचा एक युनिट कोणत्याही वेळी वापरला तरी त्याची किंमत सारखीच, अशी घरगुती ग्राहकाची दीर्घकाळची समजूत आहे. वीजनिर्मितीच्या अर्थकारणात मात्र वेळेला स्वतंत्र मूल्य असते. अमेरिकेतील टेक्सास राज्यात २००२ पासून किरकोळ वीजविक्री स्पर्धेला खुली झाली आणि पुढे काही कंपन्यांनी ‘रात्रीची वीज मोफत’ अशा योजना बाजारात आणल्या. त्या भागात पवनऊर्जा रात्री विपुल मिळते व मागणी कमी असते, हे त्यामागील एक कारण होय. अशी योजना खरोखर लाभदायक आहे किंवा नाही, हे ‘मोफत’ या शब्दावरून ठरत नाही. दिवसाचा दर किती वाढविला आहे यावरून ठरते. समजा, सरसकट दर ८ रुपये आहे आणि योजनेत रात्र मोफत, परंतु दिवसाचा दर १२ रुपये आहे. अशा वेळी एकूण वापराच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक वापर रात्री होत असेल तरच ग्राहकाचा फायदा होतो. अन्यथा तो मोफत विजेसाठी जादा पैसे मोजतो.

कोल्हापुरातील स्थिती :
रात्रीच्या स्वस्त विजेची कल्पना कोल्हापूरला नवीन नाही. महावितरणच्या औद्योगिक दरपत्रकात रात्री १० ते सकाळी ६ या काळासाठी प्रति युनिट १.५० रुपये सूट होती. २०२३ च्या दर आदेशातही ती कायम होती. शिरोली आणि गोकुळ शिरगाव परिसरातील फौंड्री व्यवसायात भट्टी रात्री चालविण्याचे गणित या सुटीशी निगडित होते. घरगुती ग्राहकास मात्र ती सूट लागू नव्हती.

सौरऊर्जेचा वाटा वाढल्यावर स्वस्त विजेची वेळच बदलली. केंद्र शासनाने जून २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून सौर तासांतील दर सर्वसाधारण दरापेक्षा किमान २० टक्क्यांनी कमी ठेवण्याची तरतूद केली. महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर प्रति युनिट ८० पैशांपासून पुढे टप्प्याटप्प्याने १ रुपयापर्यंत सवलत जाहीर झाली. दर आदेशावर नंतर न्यायालयीन वादही झाले. म्हणून प्रत्यक्ष हिशेब करताना हातातील बिलावरील आकडाच प्रमाण मानावा.

बचतीचे गणित :
दरमहा १५० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाचे ५० युनिट सवलतीच्या वेळेत येत असतील तर ८० पैशांप्रमाणे ४० रुपये वाचतात. फ्रिज अहोरात्र चालू असल्याने त्याचा सुमारे एक तृतीयांश वापर काहीही न करता या आठ तासांत पडतो. पाण्याची मोटर, धुलाई यंत्र आणि इस्त्री यांची वेळ बदलून आणखी १० युनिट हलविले, तर भर पडते ती केवळ ८ रुपयांची.

याउलट टप्पेवार दराचा परिणाम पाहावा. २०२४-२५ च्या दरपत्रकात वीज आकार पहिल्या १०० युनिटांसाठी ४.७१ रुपये, तर १०१ ते ३०० युनिटांसाठी १०.२९ रुपये होता. वहन आकार १.१७ रुपये निराळा. म्हणजे शंभराच्या पुढचा एक युनिट वापरलाच नाही तर ११.४६ रुपये वाचतात. एक युनिट टाळणे हे चौदा युनिटांची वेळ बदलण्याच्या तोडीचे ठरते. (१६ टक्के वीज शुल्क दोन्ही बाजूंना लागू असल्याने येथे वगळले आहे.)

गिझरचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. २५ लिटर पाण्याचे तापमान ३० अंश सेल्सिअसने वाढविण्यास सुमारे ०.८७ युनिट लागतात. सवलत मिळावी म्हणून हे पाणी सायंकाळी पाचपूर्वी तापवून दुसऱ्या दिवशीच्या स्नानासाठी ठेवले, तर सूट मिळेल सुमारे ७० पैसे. परंतु रात्रभरात टाकीतून केवळ एक दशांश युनिट इतकी उष्णता निसटली, तरी ती भरून काढण्यास वरील दराने १.१५ रुपये लागतील. वेळ साधली, पण पैसा गेला, असा हा व्यवहार होय.

लाभ कोणाला? :
टेक्सासच्या योजनेप्रमाणे इथे घरगुती ग्राहकावर अन्य वेळी जादा आकार जाहीर झालेला नाही, त्यामुळे तोट्याचे भय नाही. तथापि लाभाची वाटणी विषम आहे. पती-पत्नी दोघेही नोकरीवर जातात ते घर नेमके सवलतीच्या वेळेत कुलूपबंद असते. रोजंदारीवर जाणाऱ्या कुटुंबाचीही तीच अवस्था. ज्या घरात दुपारी वातानुकूलन यंत्र चालते, तिथे मात्र सवलत आपोआप जमा होते. अधिक वापर असणाऱ्याला अधिक सूट, हे टप्पेवार दराच्या मूळ हेतूशी विसंगत आहे.

आपल्या घराचा वाटा काढण्यास स्मार्ट मीटरचीही गरज नाही. रविवार धरून सलग आठ दिवस सकाळी नऊ व सायंकाळी पाच वाजता घरी असलेल्या व्यक्तीने जुन्याच मीटरचे वाचन वहीत नोंदवावे. त्यातील फरकांच्या बेरजेस एकूण वापराने भागल्यास दिवसाचा वाटा मिळतो. त्याला मासिक युनिट आणि सवलतीचा दर यांनी गुणले की अपेक्षित रक्कम हाती येते. एप्रिल-मे महिन्यांत पंख्यांमुळे हा वाटा बदलतो, म्हणून हिवाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा नोंद घेणे इष्ट.