चिमूटभर पांढरी पूड

जानेवारीतली पहाट. नया नगरात फजरची अजान झाली की आमच्या इमारतीतले दिवे एकेक करून लागतात आणि दिव्यांपाठोपाठ गीझर. कुणाला वुजूसाठी कोमट पाणी हवं असतं, कुणाला मीरा रोड स्टेशनवर गर्दी व्हायच्या आत लोकल गाठायची असते. त्या दिवशी मी गीझरचं बटण दाबलं आणि अख्खं घर अंधारलं. दारामागच्या बोर्डावरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की घराची वीज तोडणारा खटका, खाली पडला होता. गीझर बंद केला, ईएलसीबी वर केला, दिवे आले. बिघाड गीझरमध्ये आहे, तो बंद केलाय, वायरमनला दुपारी बोलावू, असं म्हणून मी इस्त्री लावली. टक्. पुन्हा अंधार.

इस्त्री कालपर्यंत ठणठणीत होती. मला वाटलं, एकाच दिवशी दोन वस्तू बिघडल्या.

वायरमनचाचा मूळचे राजापूरकडचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, इस्त्रीला हातही लावला नाही. आधी मेन स्विच बंद केला, मग स्टुलावर चढून गीझरचा प्लग सॉकेटमधून उपसून काढला. मेन चालू करून म्हणाले, "आता लावा इस्त्री, ताई." लावली. इस्त्री तापली, ईएलसीबी जागचा हलला नाही.

बंद असलेला गीझर इस्त्रीला अडवतो कसा? हे समजून घ्यायला बसले आणि इतकी वर्षं न्हाणीघराच्या भिंतीवर टांगलेली ती पांढरी टाकी मला पहिल्यांदा नीट दिसली.

आजोळी तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, दोघांच्या मध्ये फक्त तांब्याचा पत्रा. पत्र्याला बारीक भोक पडलं की पाणी निखाऱ्यांवर गळून चर्र व्हायचं. बिघाड कानाला कळायचा. गीझरमध्ये निखाऱ्यांच्या जागी वीज आली. पाण्याच्या अगदी पोटात ती वाहते, दिसत नाही, चर्र करत नाही. म्हणून तिच्या वाटेवर एकामागून एक पहारेकरी बसवलेत, आणि ज्याला आपण गीझरचा बिघाड म्हणतो ती बहुतेक वेळा त्यांच्यापैकी कुणीतरी दिलेली हाक असते.

ही वाट आधी डोळ्यांसमोर आणू. बोर्डावरच्या ईएलसीबी आणि एमसीबीतून फेजची तार निघते, बटण आणि प्लगमधून गीझरमध्ये शिरते, थर्मोस्टॅट आणि कटआउट ओलांडून कॉइलमध्ये जाते आणि न्यूट्रलच्या तारेने परत येते. 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर साधारण 8.7 अँपिअर प्रवाह ओढतो. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला जेमतेम 0.6 युनिट वीज आणि वीसेक मिनिटं पुरतात.

पहिली अडचण प्लगमध्येच येऊ शकते. 1841 साली जेम्स जूल यांनी दाखवून दिलं की तारेत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गीझरचं कॉइल याच नियमावर तापतं, पण नियमाला कॉइल कोणतं आणि प्लग कोणता हे कळत नाही. पिन सॉकेटमध्ये सैल बसली आणि त्या सांध्यात अर्धा ओहम जरी विरोध निर्माण झाला, तरी तिथे 38 वॅट उष्णता तयार होते. म्हणजे सॉकेटच्या आत रोज सोल्डरिंग आयर्न तापत ठेवल्यासारखं. पिन काळी पडली, प्लॅस्टिक पिवळं झालं, जळका वास आला, तर गीझर बिचारा ठीक असतो, वितळत असतो तो सांधा.

पुढे थर्मोस्टॅट. अनेक गीझरमध्ये तो वीतभर लांबीच्या दांडीचा असतो. बाहेर पितळेची नळी, आत इन्वार नावाच्या मिश्रधातूची काडी. उष्णतेने पितळ वाढतं, इन्वार जवळजवळ वाढतच नाही. 1896 साली शार्ल गियोम या शास्त्रज्ञाला लोखंड आणि निकेलचं हे अजब मिश्रण सापडलं आणि 1920 साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. 25 सेंटिमीटर पितळ 40 अंशांनी तापलं तर सुमारे 0.2 मिलिमीटर लांबतं. वहीच्या दोन कागदांच्या जाडीएवढी ही वाढ, पण तिच्यावरच स्विच उघडतो आणि पाणी उकळायच्या आत तापणं थांबतं. इथे कुठलीही चिप नाही, फक्त दोन धातूंच्या स्वभावातला फरक आहे.

थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू ठिणग्यांनी एकमेकांना चिकटले तर? त्यासाठी कटआउट. दोन धातूंची चिकटवलेली, किंचित फुगीर चकती ठरावीक तापमानाला टक् करून उलटी होते आणि वाट तोडते. काही गीझरमध्ये ती आपोआप पूर्ववत होत नाही, एक छोटं बटण दाबावं लागतं. ते बटण पुन्हा पुन्हा दाबावं लागत असेल तर थर्मोस्टॅट काम सोडून बसला आहे, हे ओळखायचं.

इकडे चाचांनी टाकीतलं पाणी काढून टाकलं, खालचं झाकण उघडलं आणि जुनं कॉइल वर्तमानपत्रावर ठेवलं. नळीवर क्षारांची पिवळट खपली चढली होती आणि एका वळणावर हरभऱ्याएवढी जागा उकलली होती. त्यांनी ते हलकेच आपटलं. चिरेतून पांढरी पूड सांडली, काही कोरडी, काही ओली गोळा झालेली. "सगळा खेळ या पुडीचा," ते म्हणाले.

शाळेच्या प्रयोगशाळेत मॅग्नेशियमची फीत जाळल्यावर डोळे दिपवणारा प्रकाश पडायचा आणि खाली पांढरी राख उरायची, आठवतं? ती राख म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड. हीच पूड कॉइलमध्ये असते. मधोमध नायक्रोमची बारीक तार, भोवती दाबून भरलेली ही पूड, बाहेर धातूची नळी आणि नळीला लागून पाणी. 1906 साली अल्बर्ट मार्श यांनी पेटंट घेतलेलं नायक्रोम तापलं की स्वतःच्याच ऑक्साइडचं कवच अंगावर घेतं, त्यामुळे लालबुंद होऊनही जळून जात नाही. पण मला खरं नवल वाटलं ते पुडीचं. ज्या पदार्थांतून उष्णता सहज जाते त्यांतून सहसा वीजही जाते, धातू पाहा. ही पूड मात्र उष्णतेला दार उघडते आणि विजेला अडवते. 230 व्होल्टची तार आणि आपल्या आंघोळीचं पाणी यांच्यामध्ये तिचा एक-दोन मिलिमीटरचा थर उभा असतो.

तिचा शत्रू एकच, ओल. बोअरवेलचं जड पाणी तापलं की त्यातले क्षार सगळ्यात गरम जागी, म्हणजे नळीवरच बसतात. खपली जाड झाली की उष्णता पाण्यात उतरत नाही, नळी भलतीच तापते आणि एखाद्या दिवशी उकलते. टाकीत पाणी नसताना गीझर लावला तर हेच काही क्षणांत घडतं. अमेरिकेत लोक घरासारख्या मोटारगाड्या घेऊन फिरतात. थंडीत पाणी गोठू नये म्हणून त्यांची टाकी रिकामी करून ठेवतात आणि वसंतात ती भरायच्या आधीच चुकून हीटर चालू करतात. कॉइल तिथेच संपतं. आपल्या गीझरमध्ये गरम पाणी टाकीच्या वरच्या भागातून निघतं, त्यामुळे नळाला पाणी नसलं तरी टाकी सहसा भरलेलीच राहते. नवीन गीझर बसवल्यावर मात्र गरम पाण्याचा नळ सोडून धार लागल्याशिवाय बटण दाबू नये.

आता इस्त्रीचं कोडं. ईएलसीबीच्या पोटात एक चुंबकीय कडं असतं आणि त्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. जितका प्रवाह घरात गेला तितकाच परत आला, तर दोघांची चुंबकत्वं एकमेकांना पुसून टाकतात. घरांसाठीचा ईएलसीबी 30 मिलिअँपिअरची तूट म्हणजे धोका समजतो. गीझरच्या प्रवाहाच्या हिशेबात ही तूट तीनशे रुपयांत एक रुपया कमी भरण्याएवढी. तेवढी वीज भलत्या वाटेने गेली, कदाचित एखाद्याच्या अंगातून, तर तो पापणी लवायच्या आत घराची वीज तोडतो.

आमच्या उकललेल्या कॉइलमधली तार नळीला टेकली होती. नळी टाकीला जोडलेली आणि टाकी अर्थिंगला. बटण बंद केलं तेव्हा फक्त फेज तुटली, कारण घरातली बहुतेक बटणं एकच तार तोडतात. न्यूट्रल जोडलेलाच राहिला आणि गीझरच्या आत तो जमिनीशी हातमिळवणी करून बसला. इस्त्रीचा प्रवाह न्यूट्रलने परत यायला निघाला तेव्हा त्याला दोन वाटा दिसल्या. थोडा प्रवाह गीझरमधून जमिनीत गेला, कड्याचा हिशेब चुकला, टक्. प्लग काढताच न्यूट्रलची वाट तुटली आणि इस्त्री निर्दोष सुटली. म्हणून गीझरला दोन्ही तारा एकदम तोडणारा डबल पोल स्विच लावावा, असं चाचांचं सांगणं आहे.

हा नकाशा हाती आला की लक्षणं वाचता येतात. दिवा लागत नाही, पाणी गार: प्लग, थर्मोस्टॅट किंवा कटआउट. बऱ्याच गीझरमध्ये तापवण्याचा दिवा कॉइलला समांतर असतो, म्हणून दिवा लागूनही पाणी गार असेल तर कॉइल तुटलंय. चांगल्या 2000 वॅटच्या कॉइलच्या दोन टोकांत मीटर साधारण 26 ओहम दाखवतो. टोक आणि नळी यांच्यामध्ये वाट सापडली की पुडीत ओल शिरली समजावं. साध्या मीटरला ती कधी चकवते, म्हणून जाणते वायरमन 500 व्होल्टचा मेगर नावाचा मीटर लावतात. गीझर उघडणं त्यांचं काम. आपलं काम एवढंच की मेन बंद करायचा, प्लग काढायचा, पिना बघायच्या. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तो गीझर त्या क्षणापासून वापरायचा नाही. आणि सारखा पडतो म्हणून ईएलसीबी कधीही काढून टाकायचा नाही.

इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पारंपरिक पद्धतीने मीठ आणि कोळसा भरतात आणि त्यात पाणी ओततात, कारण खारट ओल विजेला जमिनीत जायला सोपी वाट देते. मीरा-भाईंदर तर मिठागरांचा मुलूख. तीच खारट ओल खड्ड्यात असली तर जीव वाचवते आणि नळीतल्या पुडीत शिरली तर जिवावर उठते. सारा फरक जागेचा.

नवं कॉइल बसलं, पाणी तापलं. ईएलसीबीवर 'टी' लिहिलेलं एक बारीक बटण आहे, ते मी आता महिन्यातून एकदा दाबते. त्याने मुद्दाम थोडी वीज आडवाटेने जाते. टक् आवाज येतो, घर अंधारतं. पहारेकरी जागा आहे, एवढं त्या अंधारात कळतं. मग मी खटका वर करते आणि पाणी तापत ठेवते.