‘झुंझारराव’ नाटकांतील संशयाचें विष

शेक्सपियरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकाची कथा एके काळीं इंग्रजी न शिकलेल्या मराठी प्रेक्षकांसहि ठाऊक होती. महादेवशास्त्री कोल्हटकर यांनीं १८६७ सालीं त्या नाटकाचें भाषांतर केलें. पुढें १८९० सालीं गोविंद बल्लाळ देवल यांनीं त्यास ‘झुंझारराव’ हें मराठी रूप दिलें. ऑथेल्लोचा झुंझारराव झाला, डेस्डिमोनाची कमळजा झाली, आणि कारस्थानी इयागो हा जाधवराव म्हणून रंगभूमीवर आला. गणपतराव जोशी यांची झुंझाररावाची भूमिका फार गाजली. येथें मात्र मूळ नांवेंच घेऊन बोलूं.

पुष्कळांचा या नाटकावर एक आक्षेप असतो. रणांगणावर डोकें शांत ठेवणारा सेनापति एका रुमालापायीं निरपराध पत्नीचा जीव घेईल काय? आक्षेप वरवर खरा वाटतो. परंतु तिसऱ्या अंकांतील तिसरा प्रवेश सावकाश वाचावा. त्या प्रवेशाच्या आरंभीं ऑथेल्लो पत्नीवर प्रेम करणारा पति असतो आणि शेवटीं तो सूडाची शपथ घेतो. मध्यें घडतें काय? केवळ संभाषण!

इयागो प्रथम कोणावरहि आरोप करीत नाहीं. कॅशिओ डेस्डिमोनापाशीं बोलून दूर जातांना दिसतो, तेव्हां तो आपल्याशींच पुटपुटल्यासारखें करतो. ऑथेल्लोनें कांहीं विचारलें कीं तोच शब्द परत उच्चारून थांबतो. मनांत आहे तें सांग, असा आग्रह झाला कीं सांगण्यास कचरतो. आणि वर मत्सरापासून जपण्याचा उपदेशहि तोच करतो! अशा माणसास लबाड कोण म्हणेल? सर्वजण त्याला प्रामाणिक म्हणूनच ओळखतात. असोद्याच्या शिवारांत बागेला पाणी देणारा गडी पाणी उत्पन्न करीत नाहीं. फावड्यानें पाटाची थोडी माती ओढून वाहतें पाणी हव्या त्या सरींत वळवितो. इयागोचें कसब याच जातीचें आहे. ऑथेल्लो परक्या मुलखांतला, वयानें मोठा, व्हेनिसच्या चालीरीतींत न मुरलेला. मुलीनें आपल्याला न विचारतां लग्न केलें म्हणून संतापलेला तिचा बाप पहिल्याच अंकांत बोलून गेलेला असतो, कीं जिनें बापास फसविलें ती तुलाहि फसवील. हें शल्य आधींपासूनच होतें. इयागोनें त्याची नुसती आठवण दिली.

मग येतो तो रुमाल. डेस्डिमोनाच्या हातून पडलेला रुमाल इयागोची बायको उचलते व नवऱ्यास देते. तो गुपचूप कॅशिओच्या बिऱ्हाडीं टाकतो. पुढें ऑथेल्लो रुमाल मागतो, तेव्हां घाबरून डेस्डिमोना तो हरवला नाहीं म्हणते. तिची एवढीच चूक मला नेहमीं चटका लावते. परंतु त्याहून मोठी गोष्ट निराळी आहे. ऑथेल्लो पत्नीस शिव्याशाप देतो, चारचौघांत तिच्यावर हात टाकतो, तिच्या दासीची उलटतपासणी करतो. पण आपला संशय कॅशिओवर आहे हें तो तिला सांगत नाहीं. कोणाशीं व कसा अपराध केला, असें ती स्पष्ट विचारते, तरी उत्तर देत नाहीं. कॅशिओस तर तो कांहींच विचारीत नाहीं. इयागोचें सारें यश या न झालेल्या भेटींवर उभें आहे.

याच देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ नाटकांत रुमालाच्या जागीं तसबीर आहे. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेस सांपडते, ती तिच्या हातीं पाहून फाल्गुनरावाचें डोकें फिरतें, आणि कृत्तिकाहि उलट नवऱ्याचा संशय घेते. १९१६ सालीं गंधर्व नाटक मंडळीनें तें रंगभूमीवर आणलें, तेव्हां रेवतीची भूमिका बालगंधर्वांनीं केली. बालपणीं ते कांहीं काळ आपल्या जळगावांत शिक्षणासाठीं होते. तेथेंहि मत्सर कांहीं कमी नाहीं, मग आपण पोट धरून हंसतों कां? तेथील माणसें आपला संशय घशाला कोरड पडेपर्यंत ओरडून सांगतात! सर्वजण तोंडास तोंड देतात आणि तसबीर कोणाची, कोठून आली, याचा उलगडा होतो.

ऑथेल्लोच्या तोंडून कॅशिओचा स्पष्ट आरोप डेस्डिमोना प्रथम ऐकते ती शेवटच्या अंकांत, शयनगृहांत. ती लगेच म्हणते कीं त्याला बोलावून विचारा. ऑथेल्लोस वाटतें, तो केव्हांच मारला गेला. परंतु कॅशिओ जखमी होऊन जगलेला असतो, आणि डेस्डिमोना गेल्यावर तो तेथें येतो. रुमाल तुझ्याकडे कसा आला, या प्रश्नाला तो दोन शब्दांत उत्तर देतो: माझ्या खोलींत सांपडला. त्याआधीं ऑथेल्लो इयागोस, तूं माझा असा घात कां केलास, हें विचारवितो. आणि आतांपर्यंत ज्याची जीभ अखंड चालत होती तो इयागो, यापुढें मी एक शब्दहि बोलणार नाहीं, असें म्हणून तोंड मिटून घेतो.