रेआल माद्रिदचे विक्रम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

युरोपातील क्लबांसाठीची सर्वोच्च फुटबॉल स्पर्धा पूर्वी युरोपियन कप या नावाने ओळखली जात असे आणि 1992 पासून ती चॅम्पियन्स लीग म्हणून ओळखली जाते. स्पेनच्या राजधानीतील रेआल माद्रिद या क्लबने 1956 ते 2024 या काळात ही स्पर्धा 15 वेळा जिंकली असून, त्याच्यानंतर क्रमांक लागतो तो इटलीच्या एसी मिलानचा आणि त्या क्लबची विजेतेपदे 7 आहेत. इतकी मोठी तफावत कशी पडली, याची दोन सोपी उत्तरे जगभर प्रचलित आहेत. क्लबचे विरोधक तिचे श्रेय हुकूमशहा फ्रान्सिस्को फ्रँको याच्या राजवटीला देतात, तर क्लबचे चाहते ती सत्तर वर्षांच्या अखंड वर्चस्वाची खूण मानतात. पहिल्या उत्तरात सत्याचा अंश आहे, पण तो सहसा भलत्याच ठिकाणी शोधला जातो. दुसरे उत्तर नोंदींपुढे टिकत नाही.

फ्रँकोने यादवी युद्ध जिंकून 1939 मध्ये सत्ता हाती घेतली आणि 1975 मधील मृत्यूपर्यंत ती सोडली नाही. रेआल माद्रिद हा राजवटीचा लाडका क्लब होता आणि त्या लाडामुळेच तो मोठा झाला, असे मानले तर त्याचा परिणाम दडपशाही सर्वांत कठोर असलेल्या पहिल्या दशकात दिसायला हवा होता. प्रत्यक्षात युद्धानंतरच्या पहिल्या 14 हंगामांत रेआल माद्रिदने ला लिगा, म्हणजे स्पेनची राष्ट्रीय साखळी स्पर्धा, एकदाही जिंकली नाही. त्या 14 हंगामांत बार्सिलोनाने 5, आज ॲटलेटिको माद्रिद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्लबने 4, व्हॅलेन्सियाने 3, तर ॲथलेटिक बिल्बाओ आणि सेव्हिया यांनी प्रत्येकी 1 विजेतेपद मिळवले. त्यातही लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की युद्धानंतरच्या पहिल्या दोन स्पर्धा जिंकणारा ॲटलेटिको तेव्हा हवाई दलाच्या संघाशी विलीन झालेला होता आणि ‘ॲटलेटिको एव्हिएशन’ या नावाने खेळत होता. लष्कराशी थेट नाते सांगणारा माद्रिदमधील क्लब शोधायचाच असेल तर तो हा होता.

क्लबचा त्याआधीचा इतिहासही या समजाशी जुळत नाही. 1902 मध्ये ‘माद्रिद फुटबॉल क्लब’ या नावाने स्थापन झालेल्या या संस्थेला राजे तेरावे अल्फोन्सो यांनी 1920 मध्ये ‘रेआल’, म्हणजे राजेशाही सन्मानाची पदवी, आणि बोधचिन्हावर मुकुट धारण करण्याची मुभा दिली. पण 1931 मध्ये प्रजासत्ताक आल्यावर पदवी आणि मुकुट दोन्ही गेले. क्लबने पहिली दोन साखळी विजेतेपदे मिळवली ती नेमकी या मुकुटविहीन काळात, 1931-32 आणि 1932-33 मध्ये, आणि त्यांतील पहिला हंगाम तर संघाने एकही सामना न गमावता पार पाडला. युद्धाच्या तोंडावर क्लबचे अध्यक्ष असलेले राफाएल सांचेस-गेरा हे प्रजासत्ताकाचे निष्ठावान समर्थक होते आणि फ्रँकोच्या विजयानंतर त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. बार्सिलोनाचे अध्यक्ष जोसेप सुन्योल यांना 1936 मध्ये फ्रँकोच्या सैनिकांनी गोळ्या घालून ठार केले, हे जितके खरे तितकेच हेही खरे आहे. एका क्लबचे दुःख सांगण्यासाठी दुसऱ्याचे पुसून टाकण्याची गरज नाही.

राजवटीच्या पक्षपाताचा पुरावा म्हणून सर्वाधिक पुढे केला जाणारा सामना 13 जून 1943 चा आहे. त्या वर्षी राष्ट्रीय चषक स्पर्धेच्या, म्हणजे बाद फेरीच्या पद्धतीने खेळल्या जाणाऱ्या आणि तेव्हा फ्रँकोच्या ‘जनरलिसिमो’ या पदवीचे नाव धारण करणाऱ्या स्पर्धेच्या, उपांत्य फेरीत बार्सिलोनाने घरच्या मैदानावरील पहिला सामना 3-0 असा जिंकला होता. मात्र माद्रिदमधील परतीच्या सामन्यात मध्यंतरालाच त्यांच्यावर 8 गोल चढले आणि शेवटी रेआल माद्रिदने 11-1 असा विजय मिळवला. सामन्याआधी राज्याच्या सुरक्षा यंत्रणेतील एक वरिष्ठ अधिकारी बार्सिलोनाच्या खेळाडूंच्या कक्षात येऊन गेला, असे पुढे अनेकदा सांगितले गेले, परंतु तो नेमका कधी आला आणि काय बोलला याबद्दलच्या कथनांत एकवाक्यता नाही. मैदानावरील वातावरण मात्र निःसंशय धमकीचे होते, आणि तो निकाल सामान्य खेळाचा निकाल मानणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तरीही या सामन्याने रेआल माद्रिदला चषक मिळाला, ही सर्रास गृहीत धरली जाणारी गोष्ट चुकीची आहे. अंतिम सामन्यात ॲथलेटिक बिल्बाओने त्यांना 1-0 असे हरवले आणि उपांत्य फेरीच्या प्रकरणानंतर रेआल माद्रिद आणि बार्सिलोना या दोन्ही क्लबांच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले. रेआल माद्रिदच्या रिकाम्या झालेल्या खुर्चीवर त्याच वर्षी सांतियागो बर्नाबेऊ आले.

बर्नाबेऊ हे क्लबचे माजी खेळाडू होते आणि यादवी युद्धात फ्रँकोच्या बाजूने लढले होते, ही बाब लपवण्यासारखी नाही. मात्र क्लबच्या पुढील वैभवाचा पाया त्यांनी घातला तो एका आर्थिक निर्णयाने: सदस्यांना कर्जरोखे विकून उभारलेल्या पैशातून त्यांनी प्रचंड मोठे मैदान बांधले, जे 1947 च्या डिसेंबरमध्ये खुले झाले आणि 1955 पासून त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून पैसा येण्याच्या कितीतरी आधीच्या त्या काळात क्लबचे उत्पन्न प्रामुख्याने तिकिटांवर अवलंबून असे, आणि मैदान जितके मोठे तितके चांगले खेळाडू घेण्याची ऐपत अधिक, हा हिशेब बर्नाबेऊंनी इतरांच्या आधी ओळखला. क्लब राजघराण्याचा किंवा एखाद्या धनाढ्य मालकाचा आहे, हा आजही आढळणारा समज इथेच दूर करता येतो. 1990 च्या क्रीडा कायद्याने स्पेनमधील बहुतेक व्यावसायिक क्लबांना भागभांडवली कंपनीचे रूप घ्यावे लागले, पण रेआल माद्रिद, बार्सिलोना, ॲथलेटिक बिल्बाओ आणि ओसासुना हे चार क्लब सदस्यांच्या मालकीचेच राहिले. रेआल माद्रिदचा अध्यक्ष सदस्यांकडून निवडला जातो आणि त्याला क्लब विकता येत नाही.

मूळचा अर्जेंटिनाचा असलेला आल्फ्रेदो दि स्तेफानो 1953 मध्ये माद्रिदला आला त्या प्रकरणावर आजही वाद होतात. त्याच्यावर मूळ हक्क सांगणाऱ्या रिव्हर प्लेट या क्लबशी बार्सिलोनाने करार केला होता, तर तो प्रत्यक्षात ज्या कोलंबियन क्लबकडून खेळत होता त्या मियोनारिओसशी रेआल माद्रिदने. त्याने चार हंगामांपैकी दोन एका आणि दोन दुसऱ्या क्लबकडून खेळावे, असा विचित्र तोडगा स्पॅनिश अधिकाऱ्यांनी काढला आणि अखेरीस बार्सिलोनाने माघार घेतली. हा तोडगा बार्सिलोनावर अन्याय करणारा होता, असे म्हणण्यास जागा आहे. परंतु त्याच राजवटीत, 1950 मध्ये, हंगेरीतून पळून आलेला आणि रेआल माद्रिदलाही हवा असलेला लास्लो कुबाला बार्सिलोनाला मिळाला होता, आणि साम्यवादातून निसटलेला वीर म्हणून राजवटीने त्याचा गाजावाजाही केला होता. अधिकाऱ्यांची मेहेरनजर एकाच दिशेने वळत होती, असे चित्र यातून उभे राहत नाही.

मग सत्याचा अंश कुठे आहे? तो यशाच्या उगमात नसून यशाच्या वापरात आहे. 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत स्पेन युरोपात राजकीयदृष्ट्या एकाकी होता आणि संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्यत्वही त्याला 1955 च्या अखेरीस मिळाले. नेमक्या त्याच हंगामापासून रेआल माद्रिद युरोपभर जिंकत सुटला आणि राजवटीला एक विनासायास राजदूत मिळाला, ज्याचा तिने पुरेपूर उपयोग करून घेतला. फ्रँकोच्या संपूर्ण कारकिर्दीत रेआल माद्रिदने 14 वेळा आणि बार्सिलोनाने 8 वेळा साखळी जिंकली. पण जनरलिसिमोच्या नावाचा चषक बार्सिलोना आणि बिल्बाओ यांनी प्रत्येकी 9 वेळा उचलला, तर रेआल माद्रिदने 6 वेळा.

1956 ते 1960 या काळात सलग पाच वेळा जिंकलेले युरोपियन कप हा क्लबच्या कीर्तीचा कणा आहे, आणि त्यांच्याबद्दल अलीकडच्या प्रेक्षकांमध्ये असा समज आहे की निवडक निमंत्रितांच्या त्या स्पर्धेत फारसा कस लागत नसे. ‘लेकिप’ या फ्रेंच क्रीडा दैनिकाचे गाब्रिएल आनो यांच्या कल्पनेतून जन्मलेल्या पहिल्या स्पर्धेत केवळ 16 संघ होते, त्यांतील काही आपापल्या देशांचे विजेते नव्हते, आणि इंग्लंडचा विजेता चेल्सी आपल्या लीगच्या सल्ल्यावरून बाहेर राहिला, हे सर्व खरे आहे; परंतु रेआल माद्रिद स्वतः तेव्हा स्पेनचा विजेता होता. त्या वर्षी विजेतेपदासाठी 7 सामने खेळावे लागले, तर 2024 चे विजेतेपद मिळवायला 13, त्यामुळे केवळ संख्येने दोन्ही एकाच मापाने मोजणे बरोबर नाही. मात्र सामने थोडे असणे म्हणजे वाट सोपी असणे नव्हे. गटसाखळी नसल्याने एक वाईट दुपार हंगाम संपवू शकत असे. 1955 च्या नाताळच्या दिवशी माद्रिदमध्ये युगोस्लाव्हियाच्या पार्तिझानला 4-0 असे हरवल्यानंतर रेआल माद्रिद जानेवारीत बेलग्रेडला गेला, तेव्हा मैदान बर्फाने झाकलेले होते, पाय ठरत नव्हते, आणि 0-3 असा पराभव पत्करून संघ अवघ्या एका गोलाच्या एकूण आघाडीवर तरला. अंतिम सामन्यातही फ्रान्सच्या रेंसविरुद्ध 0-2 असे मागे पडल्यावर त्याने 4-3 असा विजय खेचून आणला.

पुढच्याच हंगामात ऑस्ट्रियाच्या रापिड व्हिएन्नाविरुद्ध घरी 4-2 असा विजय आणि बाहेर 1-3 असा पराभव झाल्याने एकूण गोल 5-5 असे बरोबरीत सुटले. अशा बरोबरीत परक्या मैदानावर अधिक गोल करणाऱ्या संघाला पुढे पाठवण्याचा नियम या स्पर्धेत पुढे 1967-68 मध्ये आला. तो तेव्हा असता तर रेआल माद्रिद तिथेच बाद झाला असता. त्या वेळच्या पद्धतीनुसार तिसरा सामना झाला, तो माद्रिदमध्येच झाला आणि रेआल माद्रिदने तो 2-0 असा जिंकला. सलग पाच विजेतेपदांच्या मागे असे निसटते क्षण आहेत, आणि त्यांच्यामुळे त्या संघाचे मोल वाढते. 1960 च्या अंतिम सामन्यात ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर आइनट्राख्ट फ्रँकफर्टला 7-3 असे हरवताना फेरेन्क पुश्कासने 4 आणि दि स्तेफानोने 3 गोल केले. दि स्तेफानोने तर पाचही अंतिम सामन्यांत गोल केला होता, ज्याला तोड नाही.

अखंड वर्चस्वाची कल्पना मात्र इथेच मोडते. 1966 मध्ये अकराच्या अकरा स्पॅनिश खेळाडूंसह सहावा चषक जिंकल्यानंतर सातव्यासाठी क्लबला 32 वर्षे थांबावे लागले, आणि या काळात तो अंतिम फेरीत केवळ एकदा, 1981 मध्ये, पोहोचून लिव्हरपूलकडून हरला. पैसा ओतला की चषक येतो, हा समजही क्लबच्या स्वतःच्या इतिहासाने खोडून काढला आहे. फिगो, झिदान आणि रोनाल्डो या महागड्या खेळाडूंपाठोपाठ 2003 मध्ये बेकहॅमही आला, पण त्याच उन्हाळ्यात मधल्या फळीचा आधार असलेल्या क्लोद माकेलेलेला चेल्सीकडे जाऊ देण्यात आले. पुढचे तीन हंगाम साखळी, राष्ट्रीय चषक आणि युरोपीय विजेतेपद यांपैकी काहीच हाती लागले नाही, आणि 2005 पासून 2010 पर्यंत सलग सहा वर्षे संघ चॅम्पियन्स लीगच्या अंतिम 16 मध्ये गारद होत राहिला. याउलट क्लबने जिंकलेल्या 2017 आणि 2018 च्या अंतिम सामन्यांत सुरुवातीला उतरलेले अकरा खेळाडू तेच होते.

युरोपचा विजेता म्हणजे आपल्या देशातील सर्वोत्तम संघ, हेही दरवेळी खरे नसते. चॅम्पियन्स लीग हे नाव आल्यापासून रेआल माद्रिदने जिंकलेल्या 9 चषकांपैकी केवळ 2017, 2022 आणि 2024 या तीन वर्षांत त्याने ला लिगाही जिंकली. 2000 साली तर तो साखळीत पाचवा आला आणि गतविजेता म्हणून त्याला प्रवेश देण्यासाठी चौथ्या आलेल्या रेआल सारागोसाला आपली जागा गमवावी लागली.

सर्व काही जिंकलेला क्लब, हे बिरुद तर वस्तुस्थितीला धरून नाहीच. साखळी, राष्ट्रीय चषक आणि युरोपीय विजेतेपद एकाच हंगामात मिळवण्याची तिहेरी कामगिरी बार्सिलोनाने 2009 आणि 2015 मध्ये केली. रेआल माद्रिदला ती कधीच साधलेली नाही. राष्ट्रीय चषकाच्या यादीत 2025 अखेर बार्सिलोना 32 आणि बिल्बाओ 24 विजेतेपदांसह पुढे असून रेआल माद्रिद 20 वर आहे. राष्ट्रीय चषक जिंकणाऱ्यांसाठी असलेली आणि 1999 मध्ये बंद झालेली कप विनर्स कप ही युरोपीय स्पर्धा तर त्याने एकदाही जिंकली नाही: 1971 मध्ये चेल्सीने आणि 1983 मध्ये ॲलेक्स फर्ग्युसनच्या ॲबरडीनने त्याला अंतिम फेरीत हरवले. या स्पर्धेशी क्लबचे नाते एका वेगळ्याच मार्गानेही जुळले होते. 1980 च्या राष्ट्रीय चषकाचा अंतिम सामना रेआल माद्रिद आणि त्याचाच दुय्यम संघ कास्तिया यांच्यात झाला, मुख्य संघाने तो 6-1 असा जिंकला, आणि त्याच वर्षी साखळीही जिंकल्याने तो युरोपियन कपमध्ये गेला. त्यामुळे कप विनर्स कपची जागा उपविजेत्या कास्तियाला मिळाली, ज्याने बर्नाबेऊवर वेस्ट हॅमला 3-1 असे हरवले आणि लंडनमधील परतीच्या सामन्यात, प्रेक्षकांना प्रवेश नसलेल्या मैदानावर, जादा वेळेत 5-1 अशी हार पत्करली.