पहिले विरजण कोठून आले?

रात्री कोमट दुधाला विरजण लावावे आणि सकाळी दही लागलेले पाहावे, हा आपल्या घराघरांतला नित्याचा अनुभव आहे. आजचे विरजण कालच्या दह्यातले, कालचे परवाच्या दह्यातले. ही परंपरा मागे नेत गेलो म्हणजे प्रश्न पडतो, की अगदी पहिले विरजण कोठून आले? दह्यापुरते उत्तर सोपे आहे. दही लावणारे सूक्ष्म जंतू वनस्पतींवर व भांड्यांत पूर्वीपासून असतातच. परंतु हाच प्रश्न समग्र जीवसृष्टीविषयी विचारला, तर उत्तर इतके सोपे राहत नाही. जीव जीवापासूनच होतो असे आम्ही वर्गात शिकवितो; मग पहिला जीव कोणापासून झाला? एखाद्या चौकस विद्यार्थ्याने असे विचारले असता त्यास गप्प बसविणे हा शिक्षकाचा धर्म नव्हे. म्हणून या विषयाची थोडी मांडणी येथे करण्याचे योजिले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. दूध आंबण्याच्या क्रियेमागे सूक्ष्म जीव असतात, हे लुई पाश्चर याने १८५७ साली प्रतिपादन केले. पुढे १८६० च्या सुमारास त्याने वाकड्या मानेच्या चंबूंचे आपले प्रसिद्ध प्रयोग केले. चंबूतील रस उकळला, की हवा आत येत असूनही तो महिनोन्महिने निर्मळ राही. कारण धूळ व तीबरोबरचे जंतू त्या वाकड्या मानेतच अडकत. मान मोडली की रस थोड्याच दिवसांत नासे. या प्रयोगांवरून इतकेच सिद्ध झाले, की नासलेल्या रसातील जंतू आपोआप उपजत नाहीत. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या, सर्वस्वी निराळ्या पृथ्वीवर काय घडू शकले असते, याविषयी तो चंबू मूक आहे. पाश्चरचा दाखला देऊन जीवोत्पत्तीचा प्रश्नच निकालात काढणारे त्या प्रयोगावर नसते ओझे लादतात.

मग आज तसे का घडत नाही? याचे मार्मिक उत्तर चार्ल्स डार्विनने १८७१ मधील एका खाजगी पत्रात सुचविले आहे. एखाद्या कोमट डबक्यात आज असे काही द्रव्य तयार झालेच, तर विद्यमान जीव ते तत्काळ खाऊन टाकतील. जीव नव्हते तेव्हा त्यास ही भीती नव्हती. पहिल्या जीवाला जी सवड मिळाली, ती दुसऱ्या कोणास मिळणे नाही.

या विचारास शास्त्रीय रूप रशियात ओपारिन याने १९२४ साली व इंग्लंडात हाल्डेन याने १९२९ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे दिले. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात येऊन स्थायिक झाले व १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले. आदिम वातावरणात मुक्त प्राणवायू नव्हता. सूर्यकिरण व विजा यांच्या योगाने साध्या वायूंपासून सेंद्रिय द्रव्ये बनून समुद्र पातळ कढणासारखा झाला असावा, असे त्यांचे अनुमान होते. १९५३ साली शिकागो येथे स्टॅन्ले मिलर या तरुण विद्यार्थ्याने हॅरल्ड यूरी यांच्या मार्गदर्शनाखाली हे अनुमान कसोटीस लावले. पाण्याची वाफ, मिथेन, अमोनिया व हायड्रोजन यांच्या मिश्रणातून त्याने काही दिवस विजेच्या ठिणग्या सोडल्या. आणि प्रथिनांचे घटक असलेली काही अमायनो आम्ले त्या पाण्यात आढळली.

आदिम हवेत मिथेन व अमोनिया इतके विपुल नसावेत, असे मत पुढे प्रबळ झाले. परंतु मूळ मुद्द्यास त्यामुळे बाध येत नाही. १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या अशनीतही अमायनो आम्ले सापडली. बेन्नू या लघुग्रहावरून २०२३ साली पृथ्वीवर आणलेल्या मातीत प्रथिनांतील वीसांपैकी चौदा अमायनो आम्ले असल्याचे २०२५ साली जाहीर झाले. जीवाच्या विटा निर्जीव निसर्गच पाडतो, याविषयी आता शंका उरलेली नाही.

तथापि विटांचा ढीग म्हणजे घर नव्हे. मिलरने प्रयोगशाळेत जीव निर्माण केला असे सांगणारे दुसऱ्या टोकाची चूक करतात. खरी अडचण पुढेच आहे. आजच्या पेशीत प्रथिने कशी बनवावी याची लेखी आज्ञा न्यूक्लिक आम्लात असते, आणि त्या आज्ञेची नक्कल करण्याचे काम प्रथिने करतात. आधी बी की आधी झाड, असा हा पेच! तो पुष्कळसा सैल झाला तो १९८० नंतरच्या दशकात. टॉमस चेक व सिडनी आल्टमन यांनी स्वतंत्रपणे दाखविले, की आर.एन.ए. हे न्यूक्लिक आम्ल आज्ञा वाहते आणि प्रथिनाप्रमाणे रासायनिक क्रियाही घडविते. त्याबद्दल त्यांस १९८९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जो लेखक तोच कारागीर, असे हे द्रव्य होय. पुढे २००० साली, पेशीत प्रथिने जोडणारे जे रायबोसोम नावाचे यंत्र, त्याच्या ऐन जोडणीच्या जागी प्रथिन नसून आर.एन.ए. असल्याचे दिसून आले. जुन्या वाड्याच्या पायात त्याहूनही जुनी शिळा सापडावी, तसा हा पुरावा आहे. रायबोसोमच्या रचनेवरील संशोधनाबद्दल २००९ चे नोबेल ज्या तिघांस मिळाले, त्यांतील वेंकटरामन रामकृष्णन हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर, हे आमच्या बडोदेकर वाचकांस ठाऊक असेलच.

एवढ्याने साखळी पूर्ण होत नाही. आर.एन.ए.ची पहिली लांब माळ कशी गुंफली गेली, ती मेदाच्या पातळ पडद्यात कशी बंदिस्त झाली, हे सर्व सुकत-भिजत राहणाऱ्या डबक्याकाठी घडले की सागरतळीच्या उष्ण झऱ्यांजवळ, याबद्दल शास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत. निर्जीव द्रव्यापासून जिवंत पेशी अद्याप कोणी घडविलेली नाही. हेही विद्यार्थ्यांस स्पष्ट सांगितले पाहिजे.

आता जीव म्हणजे काय, या प्रश्नाकडे वळू. पाठ्यपुस्तकांतून हालचाल, पोषण, श्वसन, वाढ, प्रजनन अशी लक्षणांची यादी असते. पण खेचराला प्रजा होत नाही, म्हणून ते निर्जीव ठरत नाही. कणगीतले बी महिनोन्महिने हलत नाही की वाढत नाही. तरी ते मेलेले नसते. उलट वणवा हलतो, भक्षण करतो, प्राणवायू घेतो, वाढतो, एकाचे दोन होतो. तरी तो जिवंत नव्हे.

आमच्या मते येथे भाषाही आपणांस चकविते. जीव येतो, जीव जातो, जीव भांड्यात पडतो असे आपण बोलतो. त्यामुळे जीव ही देहात शिरणारी व देहातून निघणारी एखादी वस्तू आहे असे मनात ठसते. परंतु दिवा विझला असता ज्योत कोठे गेली, असे कोणी विचारीत नाही. कारण ज्योत ही वस्तू नसून व्यापार आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने जीवही व्यापारच होय. भेद इतकाच, की ज्योतीला वारसा नाही. काडीने पेटविलेली व विजेने पेटलेली आग सारखीच जळते. पूर्वजांची कसलीही खूण ती बाळगीत नाही. जीव मात्र स्वतःच्या घडणीची आज्ञा पुढच्या पिढीस देतो, नकलेत क्वचित चुकतो, आणि त्या चुकांतून टिकाऊ तेवढ्या निसर्ग निवडतो. म्हणून अमेरिकेच्या अंतराळ संस्थेच्या एका समितीने १९९४ साली जी व्याख्या स्वीकारली, तिचा आशय असा : स्वतःस टिकविणारी व डार्विनच्या अर्थाने उत्क्रांत होऊ शकणारी रासायनिक व्यवस्था म्हणजे जीव. ही कसोटी एकेका प्राण्यास नव्हे, तर परंपरेस लावावयाची असल्याने खेचराचा प्रश्नही सुटतो.

या दृष्टीने पाहता जीव व अजीव यांमध्ये एकच रेघ ओढण्याचा आग्रह सोडावा लागेल. पहाट अमुक क्षणी झाली असे सांगता येत नाही. म्हणून रात्र आणि दिवस एकच ठरत नाहीत. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत पाच लक्षणे लिहून गुण मिळतील, आणि ती लिहावीतही. पण तास संपण्यापूर्वी शिक्षकाने एकदा विरजणाचा प्रश्न मुलांपुढे टाकावा, किती उलगडले व किती उरले ते सांगावे, आणि उरलेले त्यांच्या स्वाधीन करावे.