लंगोटावरची प्लास्टिकची चड्डी

पावसाळ्यात तान्हे बाळ असलेल्या घरी दोरीवर लंगोटांची रांग लागते, पण एकही धड वाळत नाही. त्यात लावणीचे दिवस. आई शेतावर, बाळ आजीकडे. अशा वेळी लंगोटावर प्लास्टिकची चड्डी घातली की दुपटी व अंथरूण कोरडे राहते. मिस्सेला जाताना किंवा बसच्या प्रवासात तर तिची मोठीच सोय. तिला आमचा विरोध नाही. मात्र जी चड्डी ओल बाहेर येऊ देत नाही, ती ओल बाळाच्या अंगाशी कोंडून ठेवते, हे घरातल्या सर्वांनी ध्यानात घ्यावे.

बाहेरून हात लावला तर कोरडे लागते, म्हणून ओला लंगोट तासन् तास तसाच राहतो. कातडी भिजून नरम पडते. लघवी व शी एकत्र साचली की लघवीतून अमोनिया तयार होतो, आणि त्यामुळे शीमधील पाचक द्रव्ये कातडीला अधिकच जाळतात. ढुंगण लालभडक होते, बाळ किरकिरते, आणि आपण दृष्ट लागली म्हणतो! तेव्हा चड्डी घातलेली असताना दर दोन तासांनी आत बोट घालून पाहावे. शी झाली असेल तर लगेच बदलावे. चड्डीचे रबर मांडीत रुतू नये. लंगोटाची कड बाहेर राहिली तर वातीसारखी ओल झिरपते; ती आत खोचावी. दिवसातून थोडा वेळ बाळाला उघडेच खेळू द्यावे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. खताच्या गोणीतले प्लास्टिक धुऊन बाळाला गुंडाळू नये, की त्याच्याखाली घालू नये. फवारणीच्या औषधाजवळ ठेवलेले प्लास्टिकही नको. ते औषध कातडीतून अंगात जाते, ओल्या व झाकलेल्या जांघेतून तर फारच लवकर. आणि धुतल्याने त्याचा अंश पुरता जाईलच असे नाही. कोणतेही सुटे प्लास्टिक पाळण्यात ठेवू नये. तोंडावर आले तर बाळ गुदमरते.

लंगोट गरम पाण्यात धुऊन साबण पुरता निघेपर्यंत खळबळावेत. चड्डी मात्र कोमट पाण्याने धुवावी व सावलीत वाळवावी. चुलीजवळ धरली तर ती तडकते. बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक घटक कमी असतो. त्यांना या गोळ्यांमुळे कावीळ होऊ शकते. लाली दोन-तीन दिवसांत ओसरली नाही किंवा जांघेच्या घड्यांत बारीक पुळ्या दिसल्या, तर बहुधा बुरशी झालेली असते. मग पावडर न थापता डॉक्टरांना दाखवावे, आणि तोवर चड्डी बंद ठेवावी.